पैकीच्या पैकी

"नोकरी कुठे लागते, असं विचारताय?" सर आरशाला म्हणाले आणि हसले. हसू नीट बसलं नाही, म्हणून पुन्हा हसले. एका गालावर दाढीचा फेस तसाच होता.

"मी काही विचारत नाहीये. चहा निवतोय, एवढंच म्हणतेय," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"अगं, तुला नाही. पालकांना म्हणतोय."

"मग पालकांना पाजते चहा."

सर विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र शिकवत. कमी माणसांत, कमी वेळात, कमी जागेत जास्तीत जास्त काम कसं बसवायचं, याचं गणित म्हणजे हे शास्त्र. त्यातही सरांचा जीव रांगेत. लोक का ताटकळतात, किती ताटकळतात, एक खिडकी वाढवली तर काय होतं, यावर ते जेवता जेवता बोलत राहत आणि ताटातलं थंडगार होऊन जाई. विद्यार्थी पाठीमागे त्यांना रांगशास्त्री म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

पण गेले काही दिवस रांगशास्त्रींचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. आज विद्यापीठात पालकांचा दिवस होता. मुलांना कुठल्या विषयाला घालावं हे ठरवायला आईबाप येत, प्रत्येक विभागाचा प्रमुख आपापल्या विषयाचे गोडवे गाई आणि मग जागच्या जागी नावं नोंदवली जात. डीनसाहेबांनी सरांना आधीच बोलावून सांगून टाकलं होतं, "यंदा वर्ग भरला नाही, तर तुमचा विभाग बंद. तुम्ही मग वाणिज्यवाल्यांच्या खोलीत बसा. कोपऱ्यात एक टेबल आहे." त्या टेबलाचा एक पाय लंगडा होता, हेही सर जाऊन बघून आले होते.

आणि गेल्या वर्षी काय झालं होतं, ते तर सरांना आठवायलाही नको वाटे. भाषण छान रंगलं होतं, लोक माना डोलवत होते, आणि तेवढ्यात एक बाई उठून म्हणाली, "तुमची मुलगी हेच शिकणार का हो?" सर म्हणाले, "तिचं अजून ठरलेलं नाही." झालं! घरच्या सुगरणीनंच आपलं जेवण टाळावं, तसा अर्थ लोकांनी काढला आणि पाच मिनिटांत खुर्च्या ओस पडल्या.

म्हणून या वर्षी मुलीलाच बरोबर न्यायचं ठरलं होतं. घरात तिला ठकी म्हणत. नुकतीच शाळा संपवलेली, अंगानं किडकिडीत आणि जिभेनं धारदार. ती यायला तयार झाली, पण अट घालून. "आधी सगळं ऐकेन. मग ठरवेन. आणि ठरवलं की तिथंच, सगळ्यांसमोर सांगेन."

"नक्की?"

"नक्की. पण फेस पुसा, बाबा. एका बाजूनं तुम्ही म्हातारे दिसताय."

बापलेक घराबाहेर पडले. घरासमोरच बसचा थांबा. सरांचा एक पाय फुटपाथवर, एक रस्त्यावर, ओठ हलताहेत, कारण भाषण चालूच होतं. बस आली. सरांनी हात केला. बसनं वेग जराही कमी केला नाही, उलट ड्रायव्हरनं आतून सरांना हात केला आणि बस निघून गेली.

"ओळखीचा होता का?" ठकीनं विचारलं.

"मूर्ख आहे!" सर म्हणाले.

"अहो सर, थांबा बंद झालाय हा," मागच्या दुकानातून शिंपी ओरडला. "पाटी काढून नेली काल रात्री. आता पुढच्या चौकात थांबते."

सरांनी वर पाहिलं. खांब होता, पाटी नव्हती. बापलेक चौकाकडे धावत सुटले. तिथं गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेला एक तरुण उभा होता. सरांना पाहताच त्यानं घड्याळ थांबवलं.

"सर! ओळखलंत? शेवटच्या बाकावर बसायचो. आता बसच्या कचेरीत आहे, मार्ग मीच आखतो. तुमच्याच हाताखाली प्रोजेक्ट केला होता ना, थांबे कमी करून फेरी जलद करायचा? अख्ख्या शहरात लागू झाला सर!"

"म्हणजे आमचा थांबा तू काढलास?"

"मी कोण काढणारा? गणितानं काढला. किती माणसं चढतात ते मोजलं. तुमच्या थांब्यावर सकाळी जेमतेम दोन माणसं चढतात."

"अरे, ती दोन माणसं म्हणजे आम्ही!"

"हो का?" तो मनापासून खूश झाला. "म्हणजे मोजणी बरोबर होती."

सरांच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं होतं. पण त्या प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं 'उत्तम, पैकीच्या पैकी' असं लिहिलं होतं, ते आठवलं. आपलेच दात, आपलेच ओठ. करायचं काय? ते मुकाट्यानं पुढच्या बसमध्ये चढले.

बस मात्र खरंच वेगात निघाली. सरांना नाइलाजानं कौतुक वाटू लागलं. "बघ, बघ," ते ठकीला म्हणाले, "याला म्हणतात शास्त्र. पूर्वी इथवर यायला किती वेळ जायचा!" असं म्हणता म्हणता विद्यापीठाचं मुख्य फाटक खिडकीतून आलं आणि गेलं.

"अहो, थांबवा! थांबवा! उतरायचंय आम्हाला!"

"इथला थांबा काढलाय, साहेब," कंडक्टर म्हणाला. "मागच्या फाटकाला थांबते आता. वळसा वाचतो."

"कुणाचा वाचतो?"

"बसचा."

मागच्या फाटकाशी लोखंडी दांड्यांचं फिरतं दार बसवलेलं होतं. सरांनी ते ढकललं. हललं नाही. छातीनं ढकललं, तरी नाही. पलीकडून एक विद्यार्थी आला, त्यानं बोट लावलं आणि दार भर्रकन फिरून त्याला बाहेर सोडून मोकळं झालं.

"साहेब, इथून फक्त बाहेर पडायचं," खुर्चीवरचा रखवालदार म्हणाला. "आत जायचं पुढच्या फाटकानं."

"अहो, मी इथे शिकवतो!"

"मग आत असायला पाहिजे होतात ना, साहेब."

सर दारासमोर येरझाऱ्या घालू लागले. रखवालदाराला त्यांची कीव आली. "पूर्वी असं नव्हतं हो. येणारे-जाणारे एकमेकांवर आदळायचे. मग एक मॅडम आल्या, इथं खुर्ची टाकून बसल्या, सगळं बघितलं आणि म्हणाल्या, एका फाटकानं यायचं, एकानं जायचं. तेव्हापासून एक धडक नाही, सांगतो तुम्हाला."

"गोल चष्मा होता का त्यांना?" सरांनी दबक्या आवाजात विचारलं. "बोलताना बोटं मोडायच्या?"

"हां! त्याच. तुमच्या ओळखीच्या का?"

"छे, छे," सर म्हणाले.

पहिल्या बाकावरची मुलगी ती. तिच्या पाठीवर थाप मारून सरांनी अख्ख्या वर्गाला सांगितलं होतं की, बघा, हिच्यासारखं डोकं चालवा. ठकी बापाकडे टक लावून पाहत होती.

"बाबा, धडधडीत खोटं बोललात."

"विभागासाठी बोललो. चल, पाय उचल!"

विद्यापीठाची भिंत लांबच लांब. सर पळायचे, दम लागला की चालायचे, चालताना घड्याळ पाहायचे आणि पाहिलं की पुन्हा पळायचे. अर्ध्या वाटेत त्यांच्या उजव्या बुटाचा तळवा सुटला. पाऊल उचललं की तो खाली लोंबे, पाऊल टेकलं की दुमडे. सर दोनदा पडता पडता वाचले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ते हेच.

"असे जाऊ नका, बाबा," ठकी म्हणाली. "लोकांना कमी खर्चात जास्त काम शिकवायला निघालात आणि बूट असा! लोकांना वाटेल, हा या शास्त्राचाच परिणाम. ते बघा समोर दुकान."

दुकान मोठं, झगझगीत, आणि सकाळची वेळ म्हणून अगदी रिकामं. दारापासून काउंटरपर्यंत दोऱ्या बांधून नागमोडी वाट केलेली होती. डावीकडे जायचं, वळायचं, उजवीकडे यायचं, पुन्हा वळायचं. ठकी दोऱ्यांखालून वाकून सरळ काउंटरशी पोचली. सर मात्र दोरीच्या तोंडाशी थबकले. अनेक खिडक्यांसाठी अनेक रांगा लावण्यापेक्षा सगळ्यांसाठी एकच लांब रांग लावावी, म्हणजे कुणावर अन्याय होत नाही, हे सर जन्मभर शिकवत आले होते. ही दोरी म्हणजे त्यांची मतं होती.

"या ना काका, खालून या," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"नाही. रांग म्हणजे रांग."

"पण रांगेला माणसं लागतात ना, बाबा?" ठकी वैतागून म्हणाली. "उशीर झालाय!"

"शिस्त लागते!" असं म्हणून सर डावीकडे चालू लागले. बुटाचा तळवा फटक फटक वाजत होता. ते वळले, उजवीकडे आले, पुन्हा वळले. काउंटरवरची मुलगी त्यांच्याबरोबर मान फिरवत होती. शेवटच्या वळणावर तळवा दोरीच्या खांबात अडकून निघालाच, आणि सर एका पायात अर्धा बूट घेऊन काउंटरशी दाखल झाले.

"माझ्या मापाचा काळा बूट द्या. लवकर."

मुलीनं माप पाहिलं आणि मान हलवली. "या मापाचं ठेवत नाही आम्ही."

"का नाही? दुकान बुटांचं आहे ना?"

"सर!" आतून आवाज आला. मॅनेजर धावत बाहेर आला. जाड मिशा आल्या होत्या, पण डोळे वर्गातलेच, अर्धवट मिटलेले. "अहोभाग्य, सर! बघताय ना दोऱ्या? तुमचीच कृपा. आणि मागचं गोदाम तर बघाच. पूर्वी खच्चून भरलेलं असायचं. मी येऊन निम्मं केलं. खपत नाही ते ठेवायचं नाही, तुम्हीच शिकवलंत. तुमच्या मापाला उठाव नव्हता, सर. काढून टाकलं."

"अरे, पण पाय काय खपाकडे बघून वाढतात का?"

मॅनेजरनं विचार केला. "सर, हे पेपरात कधी आलं नव्हतं."

शेवटी दोन मापं मोठे, पोपटी रंगाचे, धावण्याचे बूट मिळाले. त्यांना म्हणे फार उठाव होता. काळा कोट, करडी पँट आणि खाली पोपट. पाऊल टाकलं की बूट चुईचुई वाजत. ठकी ओठ घट्ट मिटून चालत होती, पण खांदे हलत होते तिचे.

"हसू नकोस."

"मी कुठे हसतेय? मी ऐकतेय. सगळं ऐकून मग ठरवायचंय ना."

सरांना पहिल्यांदाच खरी भीती वाटली, ती या वाक्याची. विभाग वाचवायला जिला आणलं, तीच सकाळपासून सगळं डोळ्यांत साठवत होती. आणि सरांना बोलायला तोंड नव्हतं, कारण गणित कुणाचंच चुकलेलं नव्हतं. बस जलद झाली होती, फाटकाशी धडका थांबल्या होत्या, दुकानाचं गोदाम आटोपशीर झालं होतं. सगळं बरोबर होतं, फक्त सर उशिरा पोचत होते. नुसती चिडचिड चिडचिड होत होती जिवाची.

अखेर विद्यापीठाची इमारत आली. खाली मोठ्या हॉलच्या दाराशी गर्दी पाहून सर हरखले, गर्दीतून वाट काढत आत घुसले आणि थेट मंचावर चढले. मंचावर प्लास्टिकचा प्रचंड जबडा ठेवलेला होता.

"सर, इकडे नाही!" हातात यादी घेतलेली एक मुलगी मागून पळत आली. "हा हॉल दंतवैद्यकीला दिलाय. आता मागच्या वर्षीच्या गर्दीवरून खोल्या वाटतो ना आम्ही. कॉम्प्युटर वाटतो. तुमच्याकडची मंडळी शेवटी शेवटी..." ती अडखळली. "तुम्हाला सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली आहे, सर. हा वाटपाचा प्रोग्रॅम मीच केलाय. मी तुमचीच..."

"कळलं!" सर ओरडले. "माझीच विद्यार्थिनी! पैकीच्या पैकी! अभिनंदन!"

"थँक यू, सर!" ती लाजून म्हणाली.

लिफ्टमध्ये शिरून सरांनी वरच्या मजल्याचं बटण दाबलं. दार मिटेना. भिंतीतून एक गोड आवाज आला, "आपल्या मजल्यावर जाणारे आणखी प्रवासी येईपर्यंत कृपया थांबा. आपण वीज वाचवत आहात."

"हे कुणी केलं असेल?" सरांनी दात ओठ खात विचारलं.

"नका विचारू, बाबा," ठकी म्हणाली आणि त्यांना कोपराला धरून जिन्याकडे घेऊन गेली.

वरच्या खोलीत बसलेले पालक आता चुळबुळ करत होते. काहीजण पिशव्या उचलून उभेही राहिले होते. पहिल्या खुर्चीत डीनसाहेब पायावर पाय टाकून, घड्याळाकडे पाहत, 'मी म्हणत नव्हतो?' असा चेहरा करून बसले होते. तेवढ्यात जिन्यावरून चुईचुई असा आवाज वर येऊ लागला. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. घामानं निथळणारे, केस विस्कटलेले, पायात पोपटी बूट घातलेले व्यवस्थापनशास्त्राचे विभागप्रमुख आत आले.

सरांनी तोंड उघडलं. आरशासमोर घोकलेलं भाषण जिन्यातच कुठेतरी सांडलं होतं. एक शब्द आठवेना. ते नुसतेच धापा टाकत उभे राहिले.

एका जाडजूड बापानं बसल्या जागेवरून विचारलं, "पाणी पिऊन घ्या, मास्तर. मग एवढंच सांगा, हे शिकून पोराला नोकरी कुठे लागते?"

नेमका तोच प्रश्न! सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं सरांच्या टाळूला जाऊन भिडलं.

"कुठे लागते? अहो, कुठे लागत नाही ते विचारा! घरातून बाहेर पडलो, बस थांबली नाही. का? माझा विद्यार्थी तिथे चिकटलाय! मागच्या फाटकानं आत सोडलं नाही. का? माझी विद्यार्थिनी तिथे येऊन गेली! बूट घ्यायला गेलो, तर माझ्याच मापाचा बूट दुकानातून हद्दपार! का? माझा विद्यार्थी तिथे मॅनेजर! खाली जबड्याशेजारून मला हाकललं, लिफ्टनं मला वर आणलं नाही! जिकडे जावं तिकडे बसलीत हो कार्टी! चांगल्या खुर्च्यांवर बसलीत, पगार घेताहेत, मला बघून खूश होताहेत! या शहरात मला पाय ठेवायला जागा उरलेली नाही, इतक्या नोकऱ्या लागल्यात त्यांना!"

संपलो आपण, असं सरांना वाटलं. लंगडं टेबल त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

"बसच्या कचेरीत लागते म्हणता?" जाडजूड बापानं हळूच विचारलं.

"लागते!"

"दुकानात एकदम मॅनेजर?"

"एकदम!"

"विद्यापीठातसुद्धा?" मागून एक बाई म्हणाली.

"ती तर माझ्याच उरावर बसलीय!"

पुढच्या क्षणी खुर्च्या करकरल्या आणि सगळी खोली नावं नोंदवायच्या टेबलाकडे धावली. ढकलाढकली, पोरांचे हात धरून ओढणं, "आमचं आधी लिहा", "अहो, पाय पाय!" नुसता गोंधळ. रांगशास्त्रींच्या डोळ्यांदेखत, रांगेचा मागमूस नसलेली एक झुंड त्यांच्या विभागावर तुटून पडली होती, आणि त्यांना ती इतकी सुंदर वाटली की डोळ्यांत पाणी आलं. डीनसाहेबांनी पायावरचा पाय खाली घेतला.

"थांबा हो सगळे!" एक बाई म्हणाली. आवाज ऐकताच सरांनी ओळखलं. गेल्या वर्षीचीच ती! धाकट्यासाठी आली असावी. "सर, ही तुमची मुलगी ना? हिचं ठरलं का आता?"

ढकलाढकली थांबली. पेनं हवेत राहिली. सरांनी ठकीकडे पाहिलं. एवढ्या सगळ्यानंतर ती नाही कशी म्हणेल, असं मनाचा एक कोपरा म्हणत होता, आणि दुसरा कोपरा म्हणत होता, एवढ्या सगळ्यानंतर ती हो कशी म्हणेल?

ठकी पुढे आली. "बाबा बोलले ते सगळं खरं आहे," ती म्हणाली. "मी सकाळपासून डोळ्यांनी बघतेय."

सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"बाबांचे विद्यार्थी हुशार आहेत. गणित कुणाचंच चुकलेलं नाही. त्यांना नोकऱ्या लागल्यात, आणि तुमच्या मुलांनाही लागतील. दरवर्षी अख्खा वर्ग भरून अशी माणसं बाहेर पडणार, आणि ती कुणाचा तरी थांबा काढणार, कुणाचं तरी माप काढणार. ज्यांचं काढलं, ती माणसं गप्प थोडीच बसणार आहेत? ती भांडायला जाणार. त्यांच्या बाजूनं बोलायला कुणीतरी लागेल की नाही?" ठकीनं एकदा बापाकडे पाहिलं. "म्हणून माझं ठरलं. मी कायदा शिकणार. वकील होणार."

मग जाडजूड बापानं आपलं पेन खिशाला लावलं. "पोरगी शहाणी आहे," तो शेजारच्याला म्हणाला. "गिऱ्हाईक तिकडे आहे. कायद्याची खोली कुठल्या मजल्यावर हो?" आणि पोराला बखोटीला धरून तो निघाला. त्याच्यामागे आणखी काही, त्यांच्यामागे आणखी काही. जिन्यावर पावलांचा धबाधब आवाज होत राहिला.

पोटची पोर, आणि भर सभेत! सरांना तिचा राग आला, भयंकर राग आला. पण पहिल्याच वर्षाला, पहिल्याच प्रकरणात ते शिकवत की, उद्या मागणी कुठे वाढणार हे आज ओळखा आणि इतरांच्या आधी तिथे जाऊन उभे राहा. वर्गातल्या मुलांना हे कळायला वर्ष जाई. कार्टीनं एका सकाळीत करून दाखवलं होतं. अंगाचा तिळपापड होत होता आणि छातीही फुगत होती, अशी विचित्र अवस्था झाली बिचाऱ्यांची. धड रागावता येईना, धड मिरवता येईना.

गर्दी ओसरली तेव्हा टेबलाशी थोडीच मंडळी उरली होती. कायद्याकडे धावायचा कंटाळा असलेली, किंवा आधीच नाव लिहून बसलेली. डीनसाहेब उठून टेबलाशी गेले, नावांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"काठावर भरलाय वर्ग," ते म्हणाले. आवाजात जरा निराशाच होती. "विभाग राहिला तुमचा. पण एक सांगू का? पुढच्या वर्षी मुलीला घरीच ठेवा."

बापलेक जिना उतरू लागले. दोन मजले नुसते बूट बोलत होते.

"रागावलात?" ठकीनं विचारलं.

"नाही."

"बाबा."

"रागावलोय! रागावू नको तर काय करू? कोपऱ्यातल्या टेबलावर जायची पाळी आली होती माझी, आणि तू त्यांना कायद्याची वाट दाखवतेस!"

"वर्ग भरला ना पण?"

"भरला म्हणा." सर आणखी एक जिना उतरले. राग धरून ठेवायची त्यांची मनापासून इच्छा होती, पण कुतूहल गप्प बसू देईना. "बरं, झालीस वकील. पहिला दावा कुणावर लावणार? त्या बसवाल्यावर?"

"छे! तो बिचारा शिकवलं तसं करतोय."

"मग फाटकवाली? की तो मिशीवाला?"

"तीही नाही, तोही नाही. ही सगळी फांद्यापानं झाली, बाबा. मुळाला हात घालायचा. हे सगळ्यांना ज्यानं शिकवलं, आणि वर पैकीच्या पैकी देऊन सोकावून ठेवलं, त्या माणसालाच आधी पिंजऱ्यात उभं करायचं."

सरांनी कठडा घट्ट धरला. "आणि त्याची बाजू कोण मांडणार?"

"त्याला चांगला वकील बघावा लागेल," ठकी म्हणाली आणि तिनं बापाच्या कोपरात हात घातला. "आणि त्याच्या ओळखीत तर एकच आहे."